निकाल 2010चा, फटका 2021चा

पालघर जिल्हा परिषदेच्या 57 जागांसाठी 7 जानेवारी 2020 रोजी मतदान झालं आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या 15 जागा रिकाम्या झाल्या. त्या सदस्यांनी ना पक्ष सोडला होता, ना गैरव्यवहार केला होता. ज्या कलमामुळे त्यांच्या जागा ओबीसींसाठी राखीव ठरल्या, ते कलम न्यायालयात जसंच्या तसं टिकलं नाही.

के. कृष्णमूर्ती खटल्यात मे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं होतं, की सामाजिक मागासलेपण म्हणजे आपोआप राजकीय मागासलेपण नव्हे. त्याची वेगळी पाहणी हवी. शिवाय एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत हवं. अपवाद फक्त अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींचा. त्यानंतर विधिमंडळाने 1961च्या जिल्हा परिषद कायद्यातलं सरसकट 27 टक्क्यांचं कलम बदलायला हवं होतं. अकरा वर्षं ते तसंच राहिलं. सरकारं बदलली, कलम बदललं नाही.

पालघरमध्ये आदिवासींसाठी राखीव जागाच निम्म्याहून जास्त. म्हणजे मर्यादा ओबीसींपर्यंत येण्याआधीच संपलेली. त्यामुळे 4 मार्च 2021 रोजी याच कलमाला आव्हान देणाऱ्या विकास गवळी खटल्याचा निकाल लागला, तेव्हा इथली एकही ओबीसी जागा वाचली नाही. बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या कुणबी, आगरी, भंडारी उमेदवारांना आता खुल्या जागेवरच लढणं भाग होतं. 5 ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली.

या निकालाने तीन अटी घातल्या: स्वतंत्र आयोग, प्रत्येक स्थानिक संस्थेची वेगळी आकडेवारी आणि 50 टक्क्यांची मर्यादा. राज्याने सप्टेंबरमध्ये वटहुकूम काढला, तो तिसरी अट तेवढी लिहून. आकडेवारी नव्हतीच. डिसेंबरमध्ये त्याला स्थगिती मिळाली. हे पालन नव्हे, निव्वळ वेळकाढूपणा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. अखेर मार्च 2022 मध्ये बांठिया आयोग नेमला गेला आणि चार महिन्यांत त्याचा अहवालही आला. आडनावांवरून जात ठरवण्याच्या त्याच्या पद्धतीवर ओबीसी संघटनांनी घेतलेला आक्षेप रास्त होता. पण जे काम चार महिन्यांत उरकता आलं, ते नीट करायला आधीची अकरा वर्षं हाताशी होती.

आता जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. ती आकडेवारी हाती येताच गावनिहाय, गणनिहाय तपासून कायदा दुरुस्त करा, असा आग्रह पालघरच्या आमदारांनी विधानसभेत धरला पाहिजे आणि मतदारांनी त्यांना तसं आत्ताच विचारलं पाहिजे.