खळ

सकाळी 6.30
भिवंडीत रात्रपाळीचे माग अजून खडखडतायत. ताई डबा भरतात. दोन चपात्या, बटाट्याची भाजी. वडील उंबऱ्याशी चहा पीत बसलेत. त्यांचा जन्म सायझिंगमध्ये गेला. सुताला खळ लावायची, वाळवायचं, बीम भरायचा. बिनखळीचा ताणा मागावर टिकत नाही, तुटतो.

7.10
ठाण्याची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. कशेळी पुलाआधी ट्रकांची रांग. ठाण्याहून लोकल, पास महिन्याला 215 रुपये. आज दादरपर्यंत उभं.

9.40
काळा घोडा. एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत. राज्याचं पुराभिलेखागारही हिच्याच छताखाली. 1821 मध्ये सुरू झालेलं हे दफ्तर. यातले काही कागद सतराव्या शतकातले. ताई इथं रोजावर आहेत. कागद दुरुस्त करतात.

10.00
आधी खळ. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळ्या मोडायच्या, मंद आचेवर ढवळत राहायचं. चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून पातेलं, चमचा वेगळे. खळीवर निळसर झाक येते. मग फडक्यातून गाळायची.
"घट्ट झाली तर कागद आखडतो," ताई म्हणतात.

11.15
महसूल खात्याचा खंड, 1830 च्या दशकातला. शाईत लोह आहे. जिथं लेखकानं बोरू दाबलाय तिथं अक्षराच्या आकाराचं भोक. मऊ ब्रशनं धूळ काढतात. कोपऱ्यातल्या एका अक्षरावर पाण्याचा थेंब, वर टिपकागद. शाई उतरली नाही. चला, पुढचं काम करता येईल.

1.30
डबा. खाली कटिंग, 10 रुपये. रोज 700. सुट्टी घेतली की तो दिवस गेला.

2.00
पान पसरलं. वर पारदर्शक टिश्यू. ब्रश मधून कडेकडे. उलटा फिरवला तर चुणी पडते. बुडबुडा दिसला की बोटानं हळूच बाहेर काढतात. एका पानाला अर्धा तास. मान अवघडते. पंखा बंदच ठेवायचा, नाहीतर टिश्यू उडतो.

5.20
पानं टिपकागदांत घालून प्रेसखाली. चाक दोन्ही हातांनी आवळायचं. वहीत नोंद: 6 पानं. खंड चारशे पानांचा.
दफ्तराच्या नव्या इमारतीचं बोलणं चालू असतं. ताई विचारतात, "तिथं उजेड कुठून येईल? टेबल खिडकीशी पाहिजे."

8.50
घर. ताई हात धुतात. नखांच्या कडेला वाळलेली खळ, ती खरवडून काढावी लागते. वडील आतून विचारतात, "आज काही तुटलं का?"
"नाही बाबा. एकही नाही."