बॅकअप आहे, पण वाचणार कोण?

जग बुडाल्यानंतरच्या गोष्टी म्हटलं की डोळ्यांसमोर झॉम्बी येतात, नाहीतर पेट्रोलसाठी मारामाऱ्या. आज मात्र अशा दोन कादंबऱ्या घेऊया, जिथे माणसं विसरण्याशी लढतात.

पहिली जॉर्ज स्ट्युअर्टची 'अर्थ अबाइड्स', १९४९ सालची. साथीत जवळपास सगळी माणसं मरतात. वाचलेला इश कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या विद्यापीठाची लायब्ररी जिवापाड जपतो. पुस्तकं शाबूत राहतात, पण पोरांना वाचायचंच नसतं. दुकानातल्या डबाबंद अन्नावर सगळ्यांचं भागतंय ना! वाचनाची खरी ओढ असलेला एकच मुलगा, जोई, आणि तो टायफॉइडने जातो. मग इश पोरांना धनुष्यबाण बनवायला शिकवतो. खेळता खेळता ते हातात बसतं, आणि तेच टिकतं.

दुसरी वॉल्टर मिलरची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ'. हिला १९६१ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. अणुयुद्धानंतर चिडलेले लोक शिकलेल्यांना मारतात, पुस्तकं जाळतात. उरलेले कागद मठातले साधू लपवून जपतात. काही शतकांनी एका साधूला सर्किटचा जुना आराखडा सापडतो. तो वर्षानुवर्षं खपून त्याची सोनेरी नक्षीची नक्कल करतो. हे सर्किट कशासाठी, ते त्याला ठाऊक नसतं. मिलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होता आणि इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या प्राचीन मठावरच्या बॉम्बहल्ल्यात सामील होता. ही कादंबरी तिथूनच उगवली.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला यात आमचा जुना नियम दिसतो: रिस्टोअर करून पाहिला नसेल, तर त्या बॅकअपवर विसंबू नका. फाईल असते, ती उघडणारं काही उरत नाही.

आपल्याकडे तर हे जग न बुडताच झालंय. मराठी कारभार शतकानुशतकं मोडीत चालला. विसाव्या शतकात मोडी शाळेतून गेली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल आहेत. भाषा आपलीच, तरी तुम्हा-आम्हातल्या बहुतेकांना त्यातली एक ओळ लागत नाही.

तेव्हा घरात पणजोबांचा एखादा मोडी कागद असेल, तर फोटो काढून थांबू नका. मोडी जाणणारं माणूस गाठा, त्याच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. जमलं तर चार अक्षरं स्वतःही शिका.

भेटू पुढच्या भागात!