कुलपाची किल्ली कुणाकडे?

संसदेने केलेल्या कायद्यात केस कापण्याचा विषय यावा, हे जरा विचित्रच. पण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं विसावं कलम उघडून पाहा. रुग्णाचं सक्तीने मुंडण करायचं नाही. त्याला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे, रुग्णालयाचा गणवेश लादायचा नाही. आवारातलं काम जबरदस्तीने करून घ्यायचं नाही, आणि त्याने काम केलं तर मोबदला द्यायचा. बाईला पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत. पंचाण्णवाव्या कलमात तर सरळ लिहिलंय की रुग्णाला साखळदंडाने बांधायचं नाही, कोणत्याही प्रकारे नाही.

ज्या समाजाने विधवांचं केशवपन पाहिलं, त्याला सक्तीच्या मुंडणाचा अर्थ समजावून सांगायला नको. उवा होतात, स्वच्छता ठेवता येत नाही, अशी कारणं तेव्हाही दिली जायची आणि मनोरुग्णालयांतही दिली गेली. कायदा एखादी गोष्ट इतक्या तपशिलाने मना करतो, तेव्हा ती कुठेतरी चालू असते म्हणूनच.

ती चालू आहे हे सरकारी कागदावर आणण्यात बेंगळुरूचा मोठा वाटा. होसूर रस्त्यावरच्या निम्हान्सने, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्थेने, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी देशातल्या ३७ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी केली. १९९९ साली तिचा अहवाल आला. उंच भिंती, बंद कोठड्या, रात्री विधीसाठी धड सोय नाही, अंगावर धड कपडा नाही. यातल्या अनेक ठिकाणांना रुग्णालय म्हणणंच चुकीचं, घरच्यांना नकोशी झालेली माणसं आणून टाकायच्या त्या जागा आहेत, असा अहवालाचा सूर होता. विशेष म्हणजे हे कुणा चळवळ्याने लिहिलेलं नव्हतं. मनोविकारतज्ज्ञांनीच आपल्या व्यवसायाचं घर आतून तपासलं होतं.

बेंगळुरूचं वेड्यांचं इस्पितळ तसं जुनं, १८४७ च्या सुमाराचं. पेठेजवळच्या दाटीतून ते १९३० च्या दशकात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत गेलं. फ्रँक नोऱ्होन्हा आणि त्यांच्यानंतर एम. व्ही. गोविंदस्वामी या डॉक्टरांनी म्हैसूर संस्थानाच्या त्या इस्पितळाला नाव मिळवून दिलं. १९५४ मध्ये शेजारीच अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि १९७४ च्या डिसेंबरात दोन्ही मिळून निम्हान्स झालं. धारवाडचं मनोरुग्णालय याहूनही दोन वर्षांनी जुनं. धारवाड आधी मुंबई इलाख्यात आणि नंतर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कित्येक मराठी घरांना हे गाव या कारणानेही ठाऊक. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही आपली चार. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद आपण किती सहज करतो! बेंगळुरूत तोच विनोद निम्हान्सच्या नावाने चालतो.

इस्पितळं बदलली, कायदे मागे रेंगाळले. १८५८ साली, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं त्याच वर्षी, इंग्रजांनी या विषयावर तीन कायदे केले. मग १९१२ चा ल्युनसी ॲक्ट आला. या सगळ्यांना काळजी होती ती दोन गोष्टींची: वेडा माणूस रस्त्यावर फिरू नये आणि त्याच्या इस्टेटीची व्यवस्था लागावी. त्याला स्वतःला काय हवंय हा प्रश्नच नव्हता. स्वतंत्र भारताने १९८७ मध्ये नवा कायदा केला, पण तो अमलात यायला १ एप्रिल १९९३ उजाडला. नाव बदललं, भाषा सौम्य झाली. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणसाला आत घालायची वाट मात्र तशीच राहिली.

त्याच १९९३ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने शीला बर्से यांच्या याचिकेवर निकाल दिला. मुंबईच्या या पत्रकार बाईंनी तुरुंग पालथे घातले होते. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत कुठलाही गुन्हा न केलेली माणसं निव्वळ मनोरुग्ण म्हणून डांबलेली होती. न्यायालयाने ते बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे प्रजासत्ताकाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर हे ठरवावं लागलं! आसामातल्या माचल लालुंग यांची गोष्ट तर त्याहून भयंकर. १९५१ साली पकडलेला हा माणूस खटला न चालता तेजपूरच्या मनोरुग्णालयात आणि तुरुंगात राहिला आणि २००५ मध्ये सुटला. चोपन्न वर्षं.

आणि एरवाडी. तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या या दर्ग्याच्या गावी मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी घरं होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका झोपडीवजा घराला आग लागली. आतली माणसं खांबांना आणि खाटांना साखळ्यांनी बांधलेली. अठ्ठावीस जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि राज्यांना पाहणी करायला लावली. कायदा बदलायला हवा, याबद्दल त्यानंतर फारसं कुणी वाद घालेना. २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि मग पर्यायच उरला नाही. नव्या कायद्याच्या मसुद्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या मंडळींचा, विशेषतः मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा, मोठा हात होता. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, २०१८ मध्ये अंमल सुरू झाला.

हा कायदा चालतो कसा? समजा, निपाणीचा एक मुलगा बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे. महिनाभर झोप नाही, खोलीवरचे मित्र आपलं बोलणं चोरून ऐकतात अशी त्याची खात्री झालेली. जेवण सोडलंय. आई आणि थोरला भाऊ रात्रीच्या बसने येतात आणि त्याला घेऊन रुग्णालय गाठतात. तो स्वतः ‘बरं, राहतो’ म्हणाला आणि त्याला कशाला हो म्हणतोय ते कळत असेल, तर प्रश्नच मिटला. हे ‘स्वतंत्र’ दाखल होणं. त्याला जायचं तेव्हा जाता येतं, डॉक्टरांना फार तर चोवीस तास थांबवता येतं. तो नाहीच म्हणाला तर? मग दोघांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. जिवाला धोका, दुसऱ्याला धोका किंवा स्वतःची काळजी घेता न येणं, यातलं काही असेल आणि याहून कमी बंधनाचा मार्ग नसेल, तरच दाखल करायचं. तेही तीस दिवसांपर्यंत. त्याची निर्णयक्षमता दर सात दिवसांनी पुन्हा पाहायची, कारण आज भ्रमात असलेला माणूस दहा दिवसांनी औषधाबद्दल नीट बोलू शकतो. त्याला सगळी माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यायची. कन्नड मुलखातल्या रुग्णालयात मराठी आईला ही तरतूद किती मोलाची, ते तीच जाणे.

तीस दिवस संपले तर? दोन मनोविकारतज्ज्ञांचं मत लागतं आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी. आधी नव्वद दिवसांपर्यंत, मग एकशेवीस, मग एकशेऐंशी.

या मंडळाशी थोडं थांबू. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या योग्यतेची व्यक्ती, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक वैद्यकीय व्यवसायी, आणि दोन जागा अशा माणसांसाठी ज्यांनी हे भोगलंय किंवा जवळून सोसलंय: मनोरुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे लोक. सक्तीने दाखल केलेल्या प्रत्येकाची खबर मंडळाला द्यायची, पुरुष असेल तर सात दिवसांत, बाई किंवा मूल असेल तर तीन दिवसांत. आजवर वॉर्डाच्या कुलपाची किल्ली डॉक्टर आणि नातेवाईक या दोघांकडेच असायची. प्रथमच बाहेरचा तिसरा माणूस ती मागू शकतो. माझ्या मते अख्ख्या कायद्याचं मर्म इथे आहे.

आणि दुखणंही इथेच. अंमल सुरू झाल्यावर कित्येक राज्यांत ही मंडळं वर्षानुवर्षं स्थापनच झाली नाहीत. मंडळ नाही म्हणजे पूर्वसूचनापत्रही लटकलं. मी पुन्हा आजारी पडलो तर मला असे उपचार द्या, असे देऊ नका, माझ्या वतीने अमुक व्यक्तीने बोलावं, हे धड असताना लिहून ठेवायची सोय या कायद्याने प्रत्येक प्रौढ नागरिकाला दिली आहे. साध्या नमुन्यावर, दोन साक्षीदारांसमोर. पण त्याची नोंद करायची मंडळाकडे! महाराष्ट्रात हा विषय मुंबई उच्च न्यायालयात न्यावा लागला. ठाण्याच्या रुग्णालयात एक बाई बरी होऊनही वर्षानुवर्षं अडकून पडली होती. त्यावरून मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी जनहित याचिका केली. राज्याचं मानसिक आरोग्य प्राधिकरण कागदावर होतं, पण काम ठप्प होतं, हे सुनावणीत उघडं पडलं. न्यायालयाने कान उपटल्यावर हालचाल झाली.

कर्नाटकाने एक वेगळी गोष्ट केली. निम्हान्स आणि तिथली आयआयआयटी यांनी राज्य सरकारसाठी ई-मानस नावाची संगणकीय व्यवस्था उभारली. रुग्णालयांची, डॉक्टरांची आणि दाखल रुग्णांची नोंद एका जागी. २०२२ मध्ये ती सुरू झाली, आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला देशभरासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही बेंगळुरूहून सुरू झाला. संगणकाने माणसं माणुसकीने वागायला लागत नाहीत, हे खरं. पण कोण, कुठे, किती दिवसांपासून आत आहे हे राज्याला एका ठिकाणी दिसणं ही लालुंगसारख्यांच्या बाबतीत कधीच न घडलेली गोष्ट आहे.

कायद्यावर नाराज कोण? दोन्ही बाजू. घरच्यांचं म्हणणं असं, की आजारी माणूस घर डोक्यावर घेतो तेव्हा आम्ही असतो, सरकार नसतं. मग आम्हालाच परकं का करता? बेंगळुरूत हा आवाज जुना आहे. डॉ. निर्मला श्रीनिवासन यांनी तिथे कुटुंबीयांची संघटना उभारली आणि अधिकारांची भाषा करताना सांभाळणाऱ्यांना विसरू नका, हा मुद्दा लावून धरला. निम्हान्समध्ये रुग्णासोबत घरच्यांना ठेवून घेऊन उपचार करण्याची परंपरा आहे, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनीही हा कायदा पाश्चात्त्य व्यक्तिवादाच्या वळणाचा असल्याची टीका केली. दुसऱ्या टोकाला पुण्याच्या बापू ट्रस्टच्या दिवंगत भार्गवी दवर. त्यांचं म्हणणं याच्या अगदी उलट. सक्तीला गोड नावं दिलीत, पण ती ठेवलीतच. संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं बारावं कलम मानायचं तर ‘याला समजत नाही’ असं म्हणून कुणाचाच निर्णय हिरावता येत नाही.

मला दवरांचं तत्त्व पटतं आणि निपाणीच्या त्या आईची रात्रही दिसते. पण घरच्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्यातल्या बहुतेक रुग्णाला हक्क मिळाल्याच्या नाहीतच. जवळ डॉक्टर नाही, औषध संपलं, रात्री गाडी मिळत नाही, आपल्या पश्चात याला कोण पाहील, अशा त्या आहेत. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते. पत्नीचा स्किझोफ्रेनिया सांभाळता सांभाळता त्यांनी पुण्यात याच आजारासाठी संस्था उभी केली. ‘देवराई’ हा चित्रपट त्या संस्थेच्या पाठबळावर झाला. घरच्यांना काय लागतं, याचं उत्तर अशा कामात सापडतं. रुग्णाचे हक्क कापून ते मिळणार नाही.

राहण्याच्या जागेचा प्रश्न तर उघड्यावरच पडलाय. बरं झालेलं पण घर नसलेलं माणूस कुठे जाणार? एकोणिसावं कलम म्हणतं, घरच्यांनी टाकलं म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवून घ्यायचं नाही, सरकारने वस्तीतली सोय करायची. बेंगळुरूला याचा अनुभव देशात सर्वांत आधीचा. मेडिको-पास्टोरल असोसिएशन आणि १९८६ पासून रिचमंड फेलोशिप सोसायटी, या संस्थांनी तिथे घर आणि रुग्णालय यांच्या मधली निवासस्थानं चालवली. पण ती स्वयंसेवी, आणि जागा मोजक्या. त्याच शहरातल्या मागडी रस्त्यावरच्या सरकारी भिक्षेकरी केंद्रात २०१० च्या ऑगस्टात काही दिवसांत अनेक निराश्रितांचे मृत्यू झाले आणि राज्य हादरलं. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण भिकारी म्हणून उचलला जातो, हे सगळीकडचंच. महाराष्ट्राने तर बरे झालेले रुग्ण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवायला सुरुवात केली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत ते थांबवायला लावलं.

आता सुधारणा कुठे हवी? मंडळांना स्वतःचा निधी आणि पूर्णवेळ कर्मचारी, आणि एकोणिसाव्या कलमाला मुदत. ‘सरकारने सोय करावी’ एवढंच लिहिलं की सोय पुढच्या अंदाजपत्रकात जाते आणि तिथेच राहते. आणि बाकीचे कायदे. २०१७ च्या कायद्याने माणसाला निर्णयक्षम मानलं, पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बरा न होणारा मानसिक विकार अजूनही घटस्फोटाचं कारण आहे. १८७२ चा कराराचा कायदा आणि मतदारयादीचे नियम अजूनही ‘मनाने विकल’ या जुन्याच मापाने मोजतात. नवऱ्याने दाखल करून विसरलेल्या बाईला मनोविकारतज्ज्ञ बरी म्हणतो आणि घटस्फोटाच्या खटल्यात तिचं जुनं निदानच तिच्याविरुद्धचा पुरावा होतं. हे बदलायला मनोरुग्णांचा कायदा पुरणार नाही.

तोवर ज्यांचं कुणी आत आहे त्यांच्यासाठी सत्ताविसावं कलम कामाचं. दाखल रुग्णाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि तो त्याला सांगणं ही रुग्णालयाच्या प्रभारी डॉक्टरची जबाबदारी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. तिथे करायच्या अर्जाला कोर्ट फी नाही. अर्जात दाखल केल्याची तारीख आणि कोणत्या कलमाखाली ठेवलंय ते लिहावं. ठाऊक नसेल तर आधी तेच रुग्णालयाला लेखी विचारावं, कारण पंचविसाव्या कलमाने रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे.