पेटंटची मुदत संपली, मग बियाण्याचे पाकीट स्वस्त का झाले नाही?

कापडाच्या पेढीवर बसून बियाण्याची चर्चा कशाला करता, असे काही व्यापारी बंधू आम्हास विचारतात. आमचे उत्तर एकच असते. आपल्या गल्ल्यात येणारा रुपया शेतातून निघालेला असतो. कापसाची रुई, रुईची गाठ, गाठीचे सूत आणि सुताचा ताका, अशी ही साखळी आहे. गाठीचा भाव चढला की सूत चढते. सूत चढले की मागवाला जुन्या भावाने कोरा माल द्यायला तयार होत नाही. आणि आपण गिऱ्हाइकाला आधीच शब्द देऊन बसलेलो असतो, तो पाळताना पदरचे घालावे लागतात. म्हणून शेतकऱ्याच्या हातातले बियाण्याचे पाकीट ही आपलीही बाब आहे.

हे पाकीट म्हणजे बीटी कापसाचे बियाणे. त्यावर गेली वीस-बावीस वर्षे पेटंट, रॉयल्टी, सरकारी भावबंदी आणि कोर्टकचेरी एवढे सगळे होऊन गेले. वर्तमानपत्रांत बातम्या तुकड्या-तुकड्याने येतात, त्यामुळे एकूण हिशेब कुणाच्या ध्यानात राहत नाही. तो आज मांडायचा आहे.

प्रथम पेटंट म्हणजे काय ते पाहू. पेटंट म्हणजे मालकी नव्हे, मुदतीचा करार आहे. शोध लावणारा आपली युक्ती कागदावर उघड करतो. त्या बदल्यात सरकार त्याला ठरावीक वर्षे एकट्याने तिचा फायदा घेऊ देते. मुदत संपली की युक्ती सर्वांची. आपल्या देशात ही मुदत आज २० वर्षांची आहे. शोध लावणाऱ्याला त्याची मजुरी मिळते आणि लोकांना शेवटी युक्ती मिळते. दोन्ही बाजूंचा नफा असेल तरच तो सौदा, नाहीतर ती लूट.

आपल्याच धंद्यातले जुने उदाहरण घ्या. इंग्लंडात रिचर्ड आर्कराइट याने पाण्याच्या शक्तीवर सूत कातण्याच्या यंत्राचे पेटंट १७६९ साली घेतले. पुढे १७७५ साली पिंजणी वगैरेच्या यंत्रांचेही घेतले. दुसऱ्या गिरणीवाल्यांनी त्याविरुद्ध दावे लढवले आणि १७८५ साली कोर्टाने ते दुसरे पेटंट रद्द केले. युक्ती नीट उघड केलेली नाही, हा त्याच्यावरचा एक मोठा आक्षेप होता. पेटंट गेल्यावर तीच यंत्रे कुणीही बसवू लागला आणि गिरण्या झपाट्याने वाढल्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटंट गेले तेव्हा यंत्र मात्र पूर्वीसारखेच चालू होते. बियाण्याच्या बाबतीत नेमके हेच घडले नाही.

आता आपल्या कापसाकडे येऊ. बोंडअळी हा कापसाचा जुना दुश्मन. मातीतल्या एका सूक्ष्म जिवाणूत अळीला मारणारे विष तयार होते. त्या जिवाणूचे जनुक कापसाच्या झाडात घातले की झाड स्वतःच ते विष तयार करते. याला बीटी कापूस म्हणतात. अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचे हे तंत्र जालन्याच्या महिको कंपनीमार्फत आपल्याकडे आले. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने त्याला मंजुरी दिली. त्याच्या आधीच, २००१ साली, गुजरातेत विनापरवाना बीटी कापसाची शेते सापडली होती. म्हणजे सरकारची सही होण्यापूर्वीच बाजाराने निर्णय घेऊन टाकला होता.

सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला शेतकऱ्याला १,६०० रुपयांच्या आसपास मोजावे लागत. त्यात एक हजाराच्या वर रक्कम नुसती तंत्राची फी होती. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार नेली आणि पाकिटाचा भाव ७५० रुपयांवर आणला. आपल्या महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या भावासाठी स्वतंत्र कायदा केला.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पहिल्या पिढीच्या या बीटी जनुकावर आपल्या देशात पेटंटच नव्हते. तरीही फी वसूल होत होती, कारण ती पेटंटवर नव्हे तर कंपन्या-कंपन्यांमधल्या करारावर होती. दोन जनुकांचे दुसऱ्या पिढीचे बियाणे, म्हणजे बोलगार्ड-२, २००६ साली मंजूर झाले. त्याच्याशी निगडित पेटंट २००८ मध्ये मिळाले आणि अर्जाच्या तारखेपासून मोजल्यामुळे २०१९ अखेर संपले.

मधल्या काळात केंद्र सरकार जागे झाले. डिसेंबर २०१५ मध्ये भाव-नियंत्रणाचा आदेश निघाला. त्यानुसार २०१६ च्या हंगामासाठी बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपये आणि त्यात तंत्राची फी ४९ रुपये ठरली. आधी ही फी १६३ रुपये होती. पुढे २०१८ साली पाकीट ७४० आणि फी ३९, २०१९ साली पाकीट ७३० आणि फी २०, आणि २०२० साली पाकीट ७३० आणि फी शून्य. २०२४ साली पाकीट ८६४ रुपये, फी अर्थातच शून्य.

व्यापाऱ्याच्या नजरेने हा तक्ता पाहा. २०१६ साली ८०० मधून ४९ वजा केले तर बियाणे कंपनी व दुकानदार यांच्या वाट्याला ७५१ रुपये उरत होते. २०२४ साली पूर्ण ८६४ त्यांच्याच वाट्याला. म्हणजे परदेशी कंपनीची रॉयल्टी गेली आणि शेतकऱ्याच्या खिशातून जाणारी रक्कम मात्र वाढली. एकरी साधारण दोन पाकिटे धरली तर १६३ ची ४९ झाल्याने एकरी २२८ रुपये कमी व्हायला हवे होते. एका फवारणीचे औषध आणि मजुरी यातच एवढी रक्कम निघून जाते. ज्या रकमेसाठी दिल्लीपर्यंत लढाई झाली, ती शेतकऱ्याच्या एकूण खर्चात एवढीशी होती.

असे का झाले? कारण खरे कुलूप पेटंटचे नव्हतेच. ते हायब्रीडचे होते. जगातला पहिला व्यापारी हायब्रीड कापूस १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात तयार झाला. त्याचा आपल्याला अभिमान असायला हवा आणि आहेही. पण हायब्रीडचे बियाणे घरी राखून पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. दरवर्षी नवे पाकीट घ्यावेच लागते. २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क दिला आहे. कायदा उत्तम आहे. पण हायब्रीड पेरणाऱ्याला त्या हक्काचा उपयोग काय? तिजोरी दिली आणि आत काही ठेवलेच नाही, अशातला प्रकार. शिवाय हायब्रीड बियाणे तयार करताना एकेका फुलाचे परागीकरण मजुरांच्या हातांनी करावे लागते. मजुरी वाढते तसे पाकीट वाढते. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया येथे सरळ वाण पेरतात. तेथे हे कुलूप नाही.

आता कोर्टाची हकिकत. रॉयल्टीवरून मोन्सॅन्टो आणि हैदराबादची नुझिवीडू सीड्स यांचे बिनसले. प्रश्न असा उभा राहिला की जनुकावर पेटंट चालते की नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे झाडे, बियाणे आणि वाण यांना पेटंट मिळत नाही. कंपनीचे म्हणणे, आमचे पेटंट बियाण्यावर नाही, प्रयोगशाळेत तयार केलेल्या जनुकावर आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, जनुक एकदा झाडात गेले की ते झाडाचाच भाग. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट अवैध ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि साक्षीपुरावा घेऊन ठरवा म्हणून प्रकरण परत पाठवले. पुरावा पूर्ण होण्याआधी पेटंटची मुदतच संपली आणि मार्च २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी आपसात समझोता केला. देशाला मूळ प्रश्नाचे उत्तर मिळालेच नाही. उद्या दुसऱ्या पिकात हाच वाद उभा राहिला तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

सरकारची चालही अशीच धरसोडीची. मे २०१६ मध्ये परवाने आणि रॉयल्टी यांचे नियम एका आठवड्यात जाहीर झाले आणि त्याच आठवड्यात मागेही घेतले गेले. त्याच वर्षी मोन्सॅन्टोने पुढच्या पिढीच्या बियाण्याचा मंजुरीचा अर्ज परत घेतला. भाव नियंत्रित करणे हा सरकारचा अधिकार आम्ही मान्य करतो. गरजेच्या मालाचा भाव एकट्या विक्रेत्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. पण सकाळी एक भाव आणि संध्याकाळी दुसरा अशा पेढीशी कोणी धंदा करत नाही, हेही सरकारने समजून घ्यावे.

इकडे कागदाची लढाई चालू असताना शेतात अळी स्वस्थ बसली नव्हती. पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे २०१० साली गुजरातेत कंपनीनेच कबूल केले. पुढे बोलगार्ड-२ चीही तीच गत झाली. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने केलेला विध्वंस सर्वांनी पाहिला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले. किडक्या बोंडाची रुई पिवळी पडते, धागा कच्चा होतो आणि मागावर वारंवार तुटतो. ताक्यातल्या गाठी आणि डाग यांची सुरुवात कोठे होते, हे मागवाल्याशी भांडणाऱ्या व्यापाऱ्याने जाणून घ्यावे.

अळी का तरली? बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचे साध्या बियाण्याचे पाकीट मिळत असे. ते शेताच्या कडेने पेरायचे होते, म्हणजे तेथे साध्या अळ्या जगतात, त्यांचा विषाला सरावलेल्या अळ्यांशी संकर होतो आणि प्रतिकार हळू वाढतो. पुष्कळांनी ते पेरले नाही. शिवाय आपली हायब्रीड झाडे लांब मुदतीची. पाणी असले की लोक फरदड घेतात, कापूस मार्चपर्यंत उभा राहतो आणि अळीला वर्षभर घर मिळते. दोष फक्त शेतकऱ्याचा नाही. त्याला हे समजावून सांगण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी पाकीट विकले आणि पाठ फिरवली.

म्हणून आम्ही म्हणतो की आर्कराइटच्या यंत्रात आणि या बियाण्यात फरक आहे. यंत्राचे पेटंट गेले तेव्हा चालते यंत्र लोकांच्या हाती आले. बियाण्याचे पेटंट २०१९ साली संपले तेव्हा त्यातली गुलाबी अळी मारण्याची ताकद आधीच संपली होती. भाडेपट्टा संपून घर ताब्यात आले आणि पाहतो तर छप्पर पडलेले. देशाने या सौद्यात काय मिळवले ते मात्र नाकारता येत नाही. २००१-०२ साली सुमारे १५८ लाख गाठींचे असलेले उत्पादन २०१३-१४ साली ३९८ लाखांवर गेले. त्यात पाऊस, सिंचन आणि खत यांचाही हात होता, पण बीटीचा नव्हता असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पुढे मात्र उतार लागला आणि २०२४-२५ मध्ये आकडा ३०० लाखांच्या खाली आला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारला कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ करावे लागले. सूत गिरण्यांना हायसे वाटले, शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला.

सरकारी संशोधनाकडून आशा होती. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांच्या नावाने २००९ साली सरळ वाणातला बीटी कापूस बाजारात आला. बियाणे राखून पुन्हा पेरता येईल असे हे स्वस्त वाण होते. पण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक असल्याचे निघाले आणि विक्री थांबली. ज्या एका कामाने रॉयल्टीचा प्रश्न मुळातून सुटला असता ते असे हातचे गेले. मोकळी जागा मग चोर बीटीने भरली. तणनाशक सहन करणारे विनापरवाना बियाणे गावोगाव पोहोचले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. चोर बियाण्याला ना पावती, ना हमी. पीक गेले तर दाद कोणाकडे मागणार?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शोध लावणाऱ्याला त्याची मजुरी द्या, पण फी आणि मुदत पेरणीच्या आधी ठरवा आणि मग बदलू नका. पेटंट संपण्याच्या पाच वर्षे आधीपासून सरकारी संस्थांनी तेच तंत्र कमी मुदतीच्या सरळ वाणांत आणण्याची तयारी ठेवावी, म्हणजे कुलूप उघडेल त्या दिवशी घरात माल असेल. कलम ३(जे) चा अर्थ संसदेने स्पष्ट करावा. आणि अळीची सवय मोडण्याची जबाबदारी बियाणे विकणाऱ्याच्या परवान्यात लिहावी.

व्यापारी बंधूंनी पुढच्या वेळी पेटंटची बातमी वाचताना फक्त एक प्रश्न विचारावा. मुदत संपेल त्या दिवशी आपल्या हाती काय उरणार आहे? या सौद्यात तो प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही आणि त्याची वसुली आज शेतकऱ्याकडून, मागवाल्याकडून आणि आपल्याकडून चालू आहे.