‘ळ’ कुठल्या कळेवर?

म्हैसूरच्या मराठी घरात एकाच कॉम्प्युटरवर तीन लिप्या लागतात: शाळेसाठी कन्नड, नोकरीसाठी रोमन आणि गावाकडच्या माणसांसाठी देवनागरी. लिनक्समध्ये तिन्हींची सोय असते. तरीही काही गैरसमजांपायी मराठी रोमनमध्येच लिहिली जाते.

गैरसमज १ : मराठीसाठी देवनागरी अक्षरं छापलेला कीबोर्ड हवा.
वस्तुस्थिती : कीबोर्डला कोणतीच लिपी कळत नाही. दाबलेल्या कळेचा क्रमांक तेवढा तो पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं, हे लिनक्समधली एक्सकेबी यंत्रणा कीबोर्ड मांडणीच्या तक्त्यात पाहून ठरवते. तक्ता बदलला की तीच कळ दुसरं अक्षर उमटवते.

गैरसमज २ : कन्नड आणि मराठी टायपिंग वेगवेगळं शिकावं लागतं.
वस्तुस्थिती : १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातल्या इनस्क्रिप्ट मांडणीत दोन्ही लिप्यांचा ‘क’ एकाच कळेवर आहे. उच्चारानुसार लिहायचं असेल, तर के. पी. राव यांनी कन्नडसाठी आखलेली मांडणी आहे. कन्नड गणक परिषदेवरून तिला ‘कगप’ म्हणतात. लिनक्समध्ये मराठी कगपही मिळते: ‘के’वर क, शिफ्टसह ख, ‘एफ’वर हलन्त. कन्नडला सरावलेली बोटं मराठीतही चालतात.

गैरसमज ३ : मांडणी बदलली, तर समोरच्याला मजकूर वाचता येणार नाही.
वस्तुस्थिती : तो त्रास जुन्या फॉन्टांचा. त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. युनिकोडमध्ये अक्षर कुठल्याही मांडणीतून लिहा, साठवला जाणारा संकेत एकच असतो.

गैरसमज ४ : कळा बदलणं तज्ज्ञांचं काम, चुकलं तर कॉम्प्युटर बिघडेल.
वस्तुस्थिती : सेटिंग्जच्या कीबोर्ड विभागात नवी मांडणी जोडता येते. केडीई डेस्कटॉपमध्ये तिथेच, तर ग्नोम डेस्कटॉपमध्ये ट्वीक्स या अ‍ॅपमधून, कॅप्स लॉकला कंट्रोलचं काम देता येतं. हा बदल आपल्या खात्यापुरता असतो. निवड काढली की सगळं पूर्ववत. सिस्टिमच्या मूळ फायलींना मात्र हात लावू नका, कारण अपडेटमध्ये तो बदल पुसला जातो. यादीत इंग्रजी मांडणीही राहू द्या; पासवर्डला ती लागते.

रोमनमध्ये ‘काल’ आणि ‘काळ’ सारखेच दिसतात. कन्नडला आणि मराठीला ‘ळ’ सारखाच हवाहवासा, आणि कगपमध्ये दोन्हींचा ‘ळ’ शिफ्टसह ‘एल’वरच आहे. आजच तो उमटवून पाहा.