आतड्याची तपासणी

शौचावाटे रक्त पडले की आपण म्हणतो, “मूळव्याध असेल.” मग कुणी सांगेल तो झाडपाला घेतो. घरात बोलायची लाज वाटते. आम्हीही सहा महिने असेच गप्प बसलो. मुलांना शिकवताना “शंका आली की विचारा” म्हणायचो. स्वतःची शंका मात्र दडवून ठेवली. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “गुरुजी, आत पाहिल्याशिवाय कळायचे नाही.”

या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. आपले मोठे आतडे सुमारे ५ फूट लांब असते. बोटाएवढी जाड, वाकणारी नळी गुदद्वारातून आत घालतात. नळीच्या टोकाला दिवा आणि बारीक कॅमेरा असतो. आतले सारे पडद्यावर दिसते.

खरी मेहनत आधीची आहे. विहिरीचा तळ पाहायचा तर पाणी नितळ हवे. तसेच आतडेही साफ हवे. दोन-तीन दिवस आधी पालेभाज्या आणि बियांची फळे बंद करतात. आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचे. शहाळ्याचे पाणी, बिनदुधाचा चहा चालतो. मग जुलाबाचे औषध पाण्यात कालवून थोडे थोडे प्यायचे. चव बरी नसते. पुन्हा पुन्हा शौचाला पळावे लागते. शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणी पडले म्हणजे आतडे साफ झाले असे समजावे.

मधुमेहाचे, रक्त पातळ करण्याचे किंवा लोहाचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. आपल्या मनाने काही बंद करू नये.

तपासणीच्या वेळी डाव्या कुशीवर निजवतात. गुंगीचे इंजेक्शन देतात. आत हवा सोडतात, म्हणून पोट फुगते, थोडी कळ येते. बहुधा अर्ध्या-पाऊण तासात काम होते. मोडासारखी लहान गाठ दिसली, तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढतात. ती काढताना दुखत नाही. अशी एखादी गाठ वर्षानुवर्षे वाढते आणि तिचा कॅन्सर होऊ शकतो. वेळेवर काढली की तो धोका टळतो. आमच्या आतड्यात अशीच एक गाठ निघाली. ती काढून तपासायला पाठवली. सुदैवाने कॅन्सर नव्हता.

बरोबर घरचे माणूस न्यावे. त्या दिवशी गाडी चालवू नये, व्यवहाराच्या कागदावर सही करू नये. वारा सरला की पोट हलके होते. क्वचित आतड्याला इजा होते. म्हणून पोट फार दुखले, ताप आला किंवा बरेच रक्त पडले, तर लगेच दवाखाना गाठावा.

रक्त पडते ते मूळव्याधीचे असेलही. पण ते डॉक्टरांनी ठरवू द्या. आपण लाज सोडून वेळेवर सांगावे, एवढेच आपले काम.