डोंगरी सायकलचे टायर : किंमत नव्हे, जमीन पाहून माल द्या

माझा व्यवसाय कापडाचा. टायरविषयी लिहिण्याचा मला काय अधिकार, असे वाचक विचारतील. पण दोन वर्षांपूर्वी घरातच एक प्रसंग घडला आणि या विषयाकडे लक्ष देणे भाग पडले.

माझा भाचा डोंगरी सायकलच्या शर्यतीत उतरतो. एका शर्यतीसाठी त्याने वर्षभर तयारी केली होती. शर्यतीच्या आठवड्यापूर्वी शहरातल्या एका मोठ्या दुकानातून आठ हजार रुपयांची टायरची जोडी घेतली. दुकानदाराने सांगितले, ‘यापेक्षा हलका आणि महाग माल आमच्याकडे नाही.’ सह्याद्रीच्या पायथ्याशी, काळ्या दगडांच्या वाटेवर, पहिल्याच फेरीत मागच्या टायरची बाजू बोटभर फाटली. पोरगा चार किलोमीटर सायकल ढकलत परत आला. वर्षाची मेहनत गेली ती गेलीच.

तो टायर मी आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्या चाचांना दाखवला. त्यांनी फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘सेठ, ही तर मलमल आहे. दगडाकाट्यात जायला जाडंभरडं कापड लागतं. तुम्हाला हे मी काय सांगायचं?’

खरोखर, मला ते सांगायची गरज पडायला नको होती. दुकानदाराने बेईमानी केली असे मी म्हणणार नाही. त्याची बेखबरी होती. परंतु गिऱ्हाइकाचे नुकसान दोन्हींत सारखेच होते. आज गावोगावच्या सायकल दुकानांत गिअरच्या डोंगरी सायकली दुरुस्तीला येऊ लागल्या आहेत. आपले अनेक बांधव या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठी हा लेख.

टायर म्हणजे आधी कापड

१८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने रबराच्या नळीवर कापडाचे आवरण चढवले होते. तेव्हापासून आजपर्यंत टायरची ताकद कापडात आहे. रबर फक्त जमीन धरते आणि पाणी-माती आत जाऊ देत नाही.

सुरुवातीला ताणा-बाणा असलेले विणलेले कापड वापरत. पण चाक फिरताना उभे आणि आडवे धागे एकमेकांवर घासून तुटत. म्हणून पुढे बाणा काढून टाकला. आता नायलॉनचे समांतर धागे रबरात बसवतात, ते तिरके कापतात आणि एकावर एक उलट तिरक्या दिशेने थर देतात. धागा धाग्याला घासत नाही, मध्ये रबर असते.

टायरवर ‘टीपीआय’ असा आकडा छापलेला असतो. एका इंचात किती धागे, एवढाच त्याचा अर्थ. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना रीड-पीक शिकवायला नको. ६० टीपीआयमध्ये धागा जाड, १२० टीपीआयमध्ये बारीक. बारीक धाग्याचा टायर हलका व लवचिक असतो, जमिनीच्या उंचसखलपणाशी जुळवून घेतो आणि सहज पळतो. जाड धाग्याचा टायर जड, पण टिकाऊ असतो, कट सहन करतो. म्हणजे १२० चा आकडा ६० पेक्षा ‘दुप्पट चांगला’ नसतो. काम वेगळे, कापड वेगळे.

इथे एक गफलतही होते. काही कंपन्या तीन थरांचे धागे बेरीज करून लिहितात. कॉन्टिनेंटलच्या टायरवर ३/१८० असे लिहिलेले असेल तर ६० धाग्यांचे तीन थर असा त्याचा अर्थ आहे. आकडा मोठा दिसला म्हणून कापड बारीक समजू नये.

याशिवाय बाजूच्या भागावर फाटू नये म्हणून जादा कापडाचा पट्टा दिलेले टायर मिळतात. वजन थोडे वाढते, पण आपल्याकडच्या धारदार दगडांत ते वजन वाया जात नाही. भाच्याच्या टायरला नेमका हाच पट्टा नव्हता.

मापात फसू नका

जुन्या दुकानदारांची सर्वात मोठी चूक मापात होते. डोंगरी सायकलची चाके तीन मापांची : २६, २७.५ आणि २९ इंच. पण इंचावर विश्वास ठेवू नये. टायरच्या बाजूवर मिलिमीटरमध्ये आकडा असतो, तो रिमवर टायर बसण्याच्या जागेचा व्यास. डोंगरी २६ ला ५५९, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२.

आपल्या ओळखीच्या २६ × १⅜ च्या टायरचा व्यास ५९० आहे. तो डोंगरी २६ च्या रिमवर कधीच बसणार नाही. गंमत अशी की आपल्या जुन्या काळ्या सायकलच्या २८ × १½ टायरचा व्यास ६३५ आहे, म्हणजे रिमच्या हिशोबाने ‘२८’ हा ‘२९’ पेक्षा मोठा ठरतो! त्यामुळे माल मागवताना मिलिमीटरचा आकडाच लिहावा.

रुंदीचेही पाहावे. १९९० च्या दशकात शर्यतीला दोन इंचांच्या आसपासचे टायर चालत. आता २.२ ते २.४ इंच सर्रास वापरतात. मात्र रुंद टायर बसवण्यापूर्वी फ्रेम आणि टायर यांत बोट जाईल एवढी जागा आहे का, ते बघावे. चिखल तिथेच अडकतो.

बटणे आणि जमीन

टायरवरची बटणे शोभेची नसतात. प्रत्येक जमिनीला वेगळी नक्षी लागते.

घट्ट, कोरडी वाट असेल तर बुटकी आणि जवळजवळ बसवलेली बटणे हवीत. चाक मोकळे पळते, पायांचा जोर वाया जात नाही.

घट्ट जमिनीवर सुटी खडी किंवा धूळ असेल तर मध्यम उंचीची बटणे आणि दोन्ही कडांना ठसठशीत रांग हवी. वळणावर सायकल झुकते तेव्हा जमीन कडेची बटणेच धरतात.

ओला दगड आणि झाडांची मुळे असतील तर नक्षीपेक्षा रबर महत्त्वाचे. रबराचा कठीणपणा आकड्यात मोजतात, आकडा लहान तितके रबर नरम. उतारावरच्या शर्यतीचे अतिनरम रबर ४२ च्या आसपास असते, वेगासाठीचे कठीण रबर ६० च्या आसपास. नरम रबर दगडाला चिकटते, पण लवकर झिजते आणि जड चालते. म्हणून चांगल्या टायरमध्ये खाली कठीण आणि कडांना नरम असे दोन-तीन प्रकारचे रबर वापरतात.

चिखलात उंच आणि लांब-लांब बसवलेली बटणे लागतात, म्हणजे फिरताना माती झटकली जाते. इथे टायर थोडा अरुंद असलेला चांगला. तो वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. आपल्या काळ्या चिकण मातीपुढे मात्र कोणताही टायर हात टेकतो, हे गिऱ्हाइकाला खरे सांगावे.

वाळूत याच्या उलट : रुंद टायर आणि कमी हवा.

पुढचा वेगळा, मागचा वेगळा

आपल्याकडे टायर जोडीने विकण्याची सवय आहे. शर्यतीत मात्र पुढचे आणि मागचे काम वेगळे असते. मागचे चाक घसरले तर स्वार बहुधा सावरतो. पुढचे घसरले तर तो पडतोच. म्हणून पुढे जास्त पकडीचा टायर आणि मागे मोकळा पळणारा, पण मजबूत कापडाचा टायर बसवावा, कारण दगडाचा जास्त मार मागचे चाक खाते. श्वाल्बे कंपनीने तर रेसिंग रे पुढच्या चाकासाठी आणि रेसिंग राल्फ मागच्या चाकासाठी अशी विभागणीच केली आहे.

बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो न पाहता टायर उलटा चढवणे ही कारागिराची चूक आहे, गिऱ्हाइकाची नाही.

हवेचा हिशोब

अंगठा दाबून ‘दगडासारखा घट्ट’ झाला की हवा बरोबर, हा आपला जुना नियम. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर तो बराचसा ठीक आहे. खडबडीत वाटेवर घट्ट टायर प्रत्येक दगडावर स्वारालाच उचलतो आणि ती ताकद पायांतूनच जाते. थोडा मऊ टायर दगड पोटात घेतो आणि पुढे जातो. म्हणजे कमी हवेत पकड तर वाढतेच, बऱ्याचदा वेगही वाढतो.

सत्तर किलोच्या स्वाराला, ट्यूबलेस आणि २.३५ च्या टायरला, पुढे २० ते २२ आणि मागे २२ ते २५ पौंडांपासून सुरुवात करावी व वाट पाहून एक-एक पौंडाने बदलावे. ट्यूब असेल तर पाच-सात पौंड जास्त ठेवावेत, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. कारागिरांनी ती भोके हजारदा पाहिली आहेत, आता त्याचे कारण गिऱ्हाइकाला सांगावे.

कॉम्प्रेसरने हवा भरताना सावध राहावे. कमाल मर्यादा टायरवर असते, रिमवरही असते. दोहोंतली कमी असेल तीच धरावी. जोरात सुटलेला टायर हात आणि डोळे जायबंदी करू शकतो.

ट्यूबलेस : पंक्चरवाल्यांसाठी संधी

शर्यतीत आता ट्यूब जवळपास राहिलेली नाही. रिमला हवाबंद पट्टी लावतात, वेगळा व्हॉल्व्ह बसवतात आणि टायरमध्ये दुधासारखे सीलंट ओततात. २९ इंची टायरला साधारण ६० ते १०० मिलिलिटर पुरते. बाभळीचा काटा शिरला तर सीलंट भोकात जाऊन गोठते आणि स्वाराला कळतही नाही. मोठे भोक असेल तर रबराची वात खुपसून बंद करतात. बाजू फाटली तर मात्र सीलंटचा इलाज चालत नाही.

‘मग आमचा धंदा बुडाला,’ असे काही कारागीर म्हणतात. तसे नाही. सीलंट दोन ते सहा महिन्यांत सुकते, आपल्या उन्हाळ्यात लवकरच. ते बदलणे, पट्टी लावणे, व्हॉल्व्ह साफ करणे ही सगळी हाताची कामे आहेत आणि ती शिकलेले हात थोडे आहेत. पंक्चरच्या दहा ठिगळांपेक्षा असे एक काम जास्त मजुरी देते.

मोठ्या मैदानातला धडा

२९ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकची पुरुषांची डोंगरी सायकल शर्यत एलांकूरच्या टेकडीवर झाली. खडी टाकलेला, कोरडा मार्ग. ब्रिटनचा टॉम पिडकॉक आघाडीवर असताना त्याचे पुढचे चाक पंक्चर झाले. नियमाप्रमाणे चाक ठरलेल्या जागीच बदलता येते, तिथपर्यंत त्याला तसेच जावे लागले. अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ गेला. तरी तो एकेकाला गाठत पुढे आला आणि फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला ९ सेकंदांनी मागे टाकून सुवर्णपदक जिंकला. जगातला उत्तम माल आणि उत्तम मेकॅनिक असूनही टायर बसतो, हे यावरून दिसते. कोणत्याही दुकानदाराने ‘हा कधीच पंक्चर होणार नाही’ असा वायदा करू नये.

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये इझूच्या मार्गावर पुरुष कोरड्यात धावले. रात्री पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी महिलांना तोच मार्ग निसरडा मिळाला. टायर मार्गाच्या नावावर नव्हे, त्या दिवशीच्या जमिनीवर निवडायचा असतो.

दुकानदाराने काय करावे?

गिऱ्हाईक टायर मागायला आले की आधी तीन गोष्टी विचाराव्यात. वाट कशी आहे : दगड, माती की काटे? तुमचे वजन किती? शर्यत आहे की रोजचे फिरणे? त्यानंतरच किंमत सांगावी. सगळे प्रकार दुकानात भरून भांडवल अडकवू नये. खडी-दगडासाठी मजबूत बाजूचा मध्यम नक्षीचा टायर आणि घट्ट वाटेसाठी मोकळा पळणारा टायर, एवढे दोन ठेवले तरी बहुतेकांचे काम भागते. चिखलाचा माल मे महिन्यात मागणी पाहूनच आणावा. माल किती जुना आहे तेही पाहावे. उन्हात पडलेले रबर भेगाळते.

स्वस्त गाड्यांवर येणाऱ्या तारेच्या टायरला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याला रोज शाळेत किंवा कामावर जायचे आहे त्याला तोच योग्य. घडी होणारा महाग टायर त्याच्या गळ्यात मारणे म्हणजे रोजच्या कामावर जाणाऱ्याला लग्नाचे कापड विकण्यासारखे आहे.

पुढच्या वर्षी भाच्याने टायर चाचांच्या सल्ल्याने घेतले. पुढे नरम रबराचा, मागे ६० टीपीआयचा, बाजूला जादा पट्टा असलेला. किंमत आधीपेक्षा दोन हजारांनी कमी, वजन दोनशे ग्रॅमने जास्त. त्याचा सव्विसावा नंबर आला. बक्षीस नाही मिळाले. पण सगळ्या फेऱ्या पूर्ण करून तो सायकलवर बसून परत आला आणि आता त्याचे सहा मित्र चाचांच्याच दुकानात येतात. धंद्यात याहून मोठी जाहिरात मी तीस वर्षांत पाहिलेली नाही.